चमचाभर दूध आणि देवाचा प्रश्न

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. परातीत उभा धरलेला काळा दगडी वरवंटा. चमच्यात हळद घातलेलं दूध.]

हा आमच्या घरातला वरवंटा. आधी ओला करून घेतलाय. चमचा दुधाने इतका काठोकाठ भरलाय की दूध मध्ये थोडं फुगून वर आलेलं दिसतं. आता दुधाची कड दगडाला नुसती टेकवते.

बघा. चमच्यातलं दूध कमी होतंय. मी चमचा जेमतेम कलता केलाय, तरी पलीकडून कुणी ओढून घेतंय असंच वाटतं. आता नजर खाली न्या. दगडाच्या अंगावरून पिवळी रेघ उतरतेय आणि परातीत जमा होतेय.

हळद घातली नसती आणि दगड पांढरा संगमरवरी असता, तर ती रेघ तुम्हाला दिसली नसती.

[दृश्य : देवळाबाहेरची रांग. हातात तांबे, वाट्या, चमचे.]

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. गणपती दूध पितोय ही बातमी दिल्लीत पहाटे उठली आणि दिवस मावळायच्या आत देशभर पोचली. मोबाइल हातोहाती यायचे होते, तरी बातमी अडली नाही. देवळांसमोर रांगा लागल्या. लंडनच्या साउथॉलमध्येसुद्धा लोक चमचे घेऊन मूर्तीपुढे उभे राहिले. माझी आजी फुलपात्रात दूध घेऊन गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "प्यायला गं," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून मूर्तीला पाजलं. रंग मूर्तीच्या अंगावरून खाली आला. द्रवाच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना धरून असतात. त्याला पृष्ठताण म्हणतात, आणि त्यामुळेच चमच्यावर तो फुगवटा टिकतो. ओल्या दगडाचा स्पर्श झाला की दूध दगडाला चिकटून पसरतं. एकदा ओघळ लागला की पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं.

दोन दिवसांनी माझ्या मोठ्या भावाने हाच प्रयोग आजीसमोर केला, ह्याच वरवंट्यावर. आजीने त्या पिवळ्या ओघळावर बोट फिरवलं. "म्हणजे ओघळलं," ती म्हणाली. मग वरवंटा धुऊन जागेवर ठेवला, हात पुसले आणि देवापुढे दिवा लावला. रोजच्यासारखा.

आजीने प्रयोगाचा निकाल मान्य केला आणि दिवाही लावला. भाऊ तेव्हा चिडला होता. त्याला वाटलं, तिला काही कळलंच नाही. मला आज वाटतं की तिने दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेवले. दूध कुठे गेलं, हा पहिला. त्याचं उत्तर परातीत सापडतं. देव आहे का, हा दुसरा.

[दृश्य : कुंभाराचं चाक, ओल्या मातीवर हात.]

हा दुसरा प्रश्न आपल्याकडे परदेशातून आलेला नाही. न्यायदर्शनाचे, म्हणजे तर्काने सिद्ध करू पाहणारे, पंडित म्हणत : मडकं दिसलं की कुंभार असणार, मग एवढं जग दिसतंय तर त्याचाही कर्ता असणार. वेदांना प्रमाण मानणारे मीमांसक त्यांना उलट विचारत : कुंभाराला हात असतात, शरीर असतं. तुमच्या कर्त्याला शरीर आहे का? असेल तर ते कुणी घडवलं? नसेल तर त्याने माती मळली कशी? सांख्य ह्या आणखी एका दर्शनाच्या सूत्रांनी तर दोन शब्दांत सांगून टाकलं, ईश्वर सिद्ध होत नाही. हा वाद शेकडो वर्षं चालला, आणि घालणारे बहुतेक सगळे परंपरेतलेच होते. देवाबद्दल शंका घेणं म्हणजे संस्कृतीवर घाला, असं आज कुणी म्हणतं तेव्हा मला ह्या पंडितांची आठवण होते.

[दृश्य : रिकामा रंगमंच. दोन खुर्च्या, दोन माइक.]

महाराष्ट्रात हा वाद आपल्या काळात दोन माणसांनी गावोगावच्या मंचावर नेला. दोघांचा जन्म साताऱ्याचा, दोघंही डॉक्टर. डॉक्टर श्रीराम लागू, कान-नाक-घशाचे सर्जन, पुढे रंगभूमीवरचे नटसम्राट. आणि डॉक्टर नरेंद्र दाभोलकर, कबड्डीचे नामांकित खेळाडू, दवाखाना सोडून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उतरलेले. कार्यक्रमाचं नाव, विवेकजागराचा वाद-संवाद.

लागूंचं म्हणणं थेट होतं : देवाला आता रिटायर करा. हजारो वर्षांत ज्याचा एकही पुरावा मिळाला नाही, ज्याच्या नावाने माणसांनी माणसं मारली, ती कल्पना आता बाजूला ठेवावी. श्रद्धा आणि अंधश्रद्धा असा फरकही त्यांना मान्य नव्हता. पुरावा न मागता जे मानायचं ते डोळस कसं असेल, हा त्यांचा मुद्दा.

दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते. तरी ह्या मंचावर ते लागूंच्या बाजूने उभे राहिले नाहीत. देव-धर्माबाबत त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका तटस्थतेची आहे, हे ते ठामपणे मांडत. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने उपासनेचं स्वातंत्र्य दिलंय, आणि एक्कावन्न-अ कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलंय. ही दोन्ही कलमं एकाच पुस्तकातली आहेत. म्हणून विरोध शोषणाला : अंगात आल्याचं सांगून पैसे उकळणाऱ्याला, साप चावलेल्या पोराला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे न्यायला लावणाऱ्याला. धर्माची चिकित्सा करायची, पण विधायक. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करावा लागतो, हा सवाल तुकोबांचा. तो विचारायला नास्तिक असावं लागत नाही.

मला विचाराल तर तर्काच्या पातळीवर लागूंना उत्तर देणं अवघड आहे. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते ती रेघ कुणी ओढायची, ह्या प्रश्नापाशी दाभोलकरांची बाजू थोडी हलते. तरीही सापाचं विष चढत असलेल्या पोराच्या आईशी बोलायचं असेल तर मी दाभोलकरांचा मार्ग धरीन. तिच्या देव्हाऱ्याबद्दल वाद घालत बसले तर दवाखाना गाठायची वेळ निघून जाईल.

आणि विज्ञानालाही स्वतःची मर्यादा पाळावी लागते. प्रयोग करायचा तर आधी सांगावं लागतं की काय घडलं तर मी चुकलो. गणपती दूध पितो, ह्या दाव्याला तशी परीक्षा लावता येते : दुधात रंग घाला आणि खाली ताटली धरा. तो देव काही मागत नाही, काही पीत नाही, फक्त संध्याकाळी मन शांत करतो असं आजी म्हणाली, तर ताटली धरायची कुठे? आजीचं म्हणणं ह्याने खरं ठरत नाही. माझं भांडं तिथे चालत नाही, एवढंच.

[दृश्य : पुणे, मुठेवरचा पूल. पहाट. शेजारी ओंकारेश्वराचं देऊळ.]

जादूटोणाविरोधी विधेयकासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. त्यात देव किंवा धर्म ह्याबद्दल एक शब्दही नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. तरी ते देवाविरुद्ध आहे असंच पसरवलं गेलं.

२० ऑगस्ट २०१३. सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना ह्या पुलावर गोळ्या घालण्यात आल्या. चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांना निर्दोष सोडलं.

ह्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं. शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक, मनापासून आस्तिक. ऑक्सफर्डला जाऊन त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला, आणि परत येऊन देवाच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य घातलं. दाभोलकरांशी त्यांची गाठ पडली असती तर वाद रंगला असता, आणि काम एकत्र झालं असतं.

[दृश्य : तोच रंगमंच. दोन खुर्च्या.]

त्या सकाळी लागू पंचाऐंशी वर्षांचे होते. देव नाहीच, असं छातीठोक सांगणारा माणूस मागे राहिला, आणि लोकांना त्यांचा देव असू द्या म्हणणारा गेला. लागू पुढे २०१९ पर्यंत होते. समोरची खुर्ची रिकामी होती.