बेटावरचे तंत्रज्ञान उद्यान आणि नागपूर

श्रोतेहो, नमस्कार.

कॅरिबियन समुद्रातले सेंट क्रॉई हे छोटे बेट, १९१७ साली डेन्मार्कने अमेरिकेला विकलेल्या व्हर्जिन बेटांपैकी एक. आधी उसाच्या मळ्यांवर आणि पुढे एका प्रचंड तेलशुद्धीकरण कारखान्यावर त्याचा संसार चालला. २०१२ मध्ये तो कारखाना बंद पडला आणि एकाच उद्योगावर विसंबण्याची किंमत सगळ्या बेटाने मोजली.

तिथल्या विद्यापीठाशी संलग्न असलेले संशोधन व तंत्रज्ञान उद्यान मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. बेटावर कच्चा माल आणायचा तर जहाज लागते, वीजही महाग पडते. पण समुद्रतळावरून जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या केबल याच बेटाच्या किनाऱ्यावर वर येतात, त्यामुळे माहितीवर चालणाऱ्या उद्योगाला तिथे अंतराची अडचण उरत नाही. उद्यानात येणाऱ्या कंपन्यांना आयकरात ९० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. ती मात्र फुकट नसते: कंपनीच्या मालकीत उद्यानाला वाटा द्यावा लागतो आणि विद्यापीठाशी नाते जोडावे लागते. करसवलत पुष्कळ ठिकाणी मिळते. उद्योगाच्या भरभराटीत विद्यापीठाचाही हिस्सा असावा ही अट मात्र क्वचितच कोणी घालते.

नागपूरला तर बंदरही नाही. पण आपल्याकडे १९५८ पासूनची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, कापूस आणि लिंबूवर्गीय फळे यांवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्था आहेत, मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पाची जमीन आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी, आणि त्यातूनच १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. उद्योगातला पैसा प्रयोगशाळेत यावा हा विचार या शहराने तेव्हाच प्रत्यक्षात आणला होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तेव्हा सवलतीची जमीन देतानाच करारात दोन कलमे असावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कंपनीच्या प्रयोगशाळेत इथल्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणाच्या ठरावीक जागा मिळाव्यात, आणि नफ्यातला ठरलेला वाटा विद्यापीठाच्या संशोधन निधीत जमा व्हावा. संत्र्याच्या सालीतले तेल काढण्याचे किंवा पऱ्हाटीपासून उपयोगी वस्तू करण्याचे काम त्या निधीतून सुरू झाले, तर काटोल-वरूडच्या बागायतदाराला आणि कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा थेट लाभ मिळेल.