एडवर्ड कोल्स आणि इलिनॉयचा 1824 सालचा कौल

श्रोतेहो, अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचा विषय निघाला की आपल्याला लिंकन आठवतात आणि 1861 ते 1865 चे यादवी युद्ध आठवते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते एडवर्ड कोल्स हे लिंकन यांच्याच इलिनॉय राज्याचे दुसरे गव्हर्नर होते. लिंकन यांचे कुटुंब 1830 मध्ये त्या राज्यात राहायला आले. त्याच्या सहा वर्षे आधी कोल्स यांनी तिथे मतांच्या बळावर एक लढाई जिंकली होती. ती हरली असती तर इलिनॉयमध्ये गुलामगिरी कायदेशीर होण्याची वाट मोकळी झाली असती. इतके मोठे काम करणारा हा माणूस आज फारसा कोणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कोल्स यांचा जन्म 15 डिसेंबर 1786 चा, व्हर्जिनियातील आल्बेमार्ल परगण्यातल्या एका धनाढ्य जमीनदार घराण्यातला. विल्यम अँड मेरी कॉलेजात शिकत असतानाच एका माणसाने दुसऱ्या माणसाचे मालक असणे कोणत्याही न्यायात बसत नाही, हे त्यांना पटले. 1808 मध्ये वडील वारले आणि शेतीबरोबर सुमारे वीस गुलाम त्यांच्या वाट्याला आले. त्यांना मुक्त करायचे हा निश्चय त्यांनी तेव्हाच केला होता, पण तो अमलात यायला अकरा वर्षे लागली. मधल्या काळात ते राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे खासगी सचिव होते, त्यांचे विशेष दूत म्हणून रशियालाही जाऊन आले, आणि या सगळ्या वर्षांत त्यांच्या शेतावर राबणारी माणसे गुलामच राहिली. त्यांच्याविषयी आदर बाळगतानाही ही गोष्ट झाकून ठेवता येणार नाही.

जुलै 1814 मध्ये, सत्तावीस वर्षांच्या कोल्स यांनी आपले शेजारी, माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना पत्र लिहिले आणि व्हर्जिनियातील गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याच्या चळवळीचे नेतृत्व आपण करावे, अशी विनंती केली. सर्व माणसे समान आहेत असे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ज्यांनी लिहिले, त्यांच्याकडेच ही मागणी करणे स्वाभाविक होते. जेफर्सन यांचे उत्तर ऑगस्टमध्ये आले: हे काम तरुणांचे आहे, म्हाताऱ्याच्या हाती आता प्रार्थना तेवढी उरली आहे, आणि तुम्ही मात्र आपली माणसे व आपला प्रांत सोडून जाऊ नका. कोल्स यांनी अत्यंत अदबीने, पण माघार न घेता कळवले की बेंजामिन फ्रँकलिन तुमच्या आजच्या वयाहून मोठे असतानाही सार्वजनिक कामात तितक्याच तडफेने गुंतलेले होते. सत्तावीस वर्षांच्या माणसाने जेफर्सन यांना असे लिहावे, याला धाडस लागते. जेफर्सन जागचे हलले नाहीत. मग कोल्स यांनीच व्हर्जिनिया सोडायचे ठरवले.

1819 च्या वसंतात ते आपल्या गुलामांना घेऊन पश्चिमेकडे निघाले. पेनसिल्व्हेनियातील ब्राउन्सव्हिल येथे सपाट तळाच्या नावा घेतल्या आणि पिट्सबर्गवरून ते ओहायो नदीला लागले. आपल्याला कुठे व कशासाठी नेले जात आहे, हे त्या माणसांना नीट सांगितलेले नव्हते. एप्रिलच्या एका स्वच्छ सकाळी, नावा प्रवाहाबरोबर वाहत असताना, कोल्स यांनी सगळ्यांना जवळ बोलावले आणि मोजक्या शब्दांत सांगितले की या क्षणापासून तुम्ही माझ्याइतकेच मोकळे आहात. माझ्याबरोबर यायचे की किनाऱ्याला उतरून आपल्या वाटेने जायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की ती माणसे त्यांच्याकडे आणि एकमेकांकडे पाहत राहिली, जणू कानांवर विश्वास बसत नव्हता. मग काही जण हसू-रडू लागले, आणि थोड्या वेळाने त्यांच्यापैकी काहींनी म्हटले की तुमचा नव्या मुलुखात जम बसेपर्यंत आम्ही तुमची चाकरी करतो. कोल्स यांनी ते मानले नाही. उलट प्रत्येक कुटुंबप्रमुखाला इलिनॉयमध्ये 160 एकर जमीन देण्याचे जाहीर केले आणि ते वचन पाळले.

इलिनॉय हे नुकतेच, 1818 मध्ये, राज्य झाले होते. अमेरिकी काँग्रेसच्या 1787 च्या अध्यादेशाने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीस बंदी होती, पण ती बरीचशी कागदावरच होती. जुन्या फ्रेंच रहिवाशांकडचे गुलाम गुलामच राहिले. बाहेरून आणलेल्यांकडून दीर्घ मुदतीचे चाकरीचे करार लिहून घेतले जात. काही करार तर 99 वर्षांचे होते. शॉनीटाउनजवळ खाऱ्या झऱ्यांचे पाणी आटवून मीठ काढण्याच्या कामावर भाड्याने गुलाम आणायला 1825 पर्यंत राज्यघटनेनेच मुभा दिली होती. 1820 च्या जनगणनेत, पंचावन्न हजारांच्या या ‘मुक्त’ राज्यात 917 गुलाम नोंदले गेले. शिवाय केंटकी आणि व्हर्जिनियातले श्रीमंत शेतकरी आपल्या गुलामांसह इलिनॉय ओलांडून, गुलामगिरीला मुभा असलेल्या मिसुरीत जात होते. ते तांडे जाताना पाहून इथल्या जमीनमालकांचा जीव तुटे, कारण बंदी नसती तर हेच लोक आपल्या जमिनी चढ्या भावाने घेतील, असा त्यांचा हिशेब होता.

एडवर्ड्सव्हिल येथील सरकारी जमीनविक्री कचेरीत कोल्स अधिकारी होते, म्हणून घर बांधू पाहणारे बरेच लोक त्यांना ओळखत. 1822 मध्ये ते गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. गुलामगिरीच्या बाजूची मते दोन न्यायाधीश उमेदवारांत विभागली गेली आणि कोल्स 2,854 मतांवर, म्हणजे एकूण मतांच्या जेमतेम एक तृतीयांशावर, निवडून आले. इतक्या तुटपुंज्या बळावर दुसऱ्या कोणी सावधपणे कारभार केला असता. कोल्स यांनी डिसेंबरमध्ये, पहिल्याच भाषणात, उरलेल्या गुलामांना मुक्त करा, कृष्णवर्णीयांवरचे जाचक कायदे रद्द करा आणि मुक्त माणसांना पळवून दक्षिणेत विकणाऱ्यांना आवरा, अशी मागणी विधिमंडळापुढे ठेवली.

याचा परिणाम उलटाच झाला. विधिमंडळातील बहुमताने नवी राज्यघटना लिहिण्यासाठी परिषद बोलावण्याचा डाव टाकला. उघड बोलले जात नसले तरी हेतू गुलामगिरी कायदेशीर करण्याचाच होता. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवी होती आणि कनिष्ठ सभागृहात एक मत कमी पडले. तेव्हा विरोधात मत देणारे पाइक परगण्याचे प्रतिनिधी हॅन्सन यांची आधी वैध ठरवलेली निवड रद्द करून त्यांच्या जागी शॉ नावाच्या गृहस्थांना बसवण्यात आले आणि ठराव संमत झाला. त्या रात्री व्हँडेलियात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, विजयी मंडळींनी शिंगे, ढोल आणि पत्र्याची भांडी वाजवत मिरवणूक काढली आणि गव्हर्नरांच्या बिऱ्हाडासमोर येऊन आरडाओरडा केला. माझ्या मते, परिषदवाद्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तो याच दिवशी. गुलामगिरीविषयी ज्यांना फारसे काही वाटत नव्हते, त्यांनाही सभागृहातली ही दांडगाई पटली नाही.

अंतिम निर्णय मतदारांचा होता आणि त्याला अठरा महिने होते. गव्हर्नरला एकट्याने नकाराधिकार नव्हता, पण लेखणी आणि पैसा होता. कोल्स यांनी चार वर्षांचे सारे वेतन, म्हणजे 4,000 डॉलर, या कामासाठी दिले आणि व्हँडेलियातील वर्तमानपत्र मित्रांच्या मदतीने हाती घेतले. फिलाडेल्फियातील गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते रॉबर्ट्स व्हॉक्स यांनी पुस्तिका छापून पाठवल्या. इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले मॉरिस बर्कबेक टोपणनावाने साध्या शेतकऱ्याला समजतील अशी पत्रे लिहीत होते, तर जॉन मेसन पेक हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक गावोगाव हिंडत होते. 2 ऑगस्ट 1824 रोजी परिषदेच्या बाजूने 4,972 आणि विरोधात 6,640 मते पडली.

या 1,668 मतांच्या आघाडीचा अर्थ लावताना आपण भाबडे राहू नये. विरोधात मत देणाऱ्यांपैकी अनेकांना कृष्णवर्णीय शेजारीही नको होते. मोठे गुलामधारक आले तर आपल्या मेहनतीला किंमत उरणार नाही, ही गरीब गोऱ्या शेतकऱ्याची भीती या मतांमागे होती. कोल्स यांनी त्या भीतीचा उपयोग करून घेतला आणि ते योग्यच केले, असे मला वाटते.

कोल्स यांच्यावर मात्र सूड उगवला गेला. मुक्त केलेल्या गुलामासाठी प्रत्येकी 1,000 डॉलरचा जामीन द्यावा, असा कायदा मार्च 1819 मध्ये झाला होता, पण तो छापून प्रसिद्ध झाला ऑक्टोबरमध्ये. कोल्स यांनी मुक्ततेची प्रमाणपत्रे दिली ती त्याच वर्षीच्या 4 जुलैला. तरीही मॅडिसन परगण्याने गव्हर्नरवरच दावा ठोकला आणि दहा जणांमागे प्रत्येकी 200 डॉलर, असा 2,000 डॉलरचा दंड बसला. विधिमंडळाने तो माफ केल्यावरही न्यायाधीशांनी मानले नाही. 1826 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची सुटका झाली.

पुढे 1831 च्या काँग्रेस निवडणुकीत ते पडले आणि फिलाडेल्फियाला गेले. तिथून त्यांनी वृद्ध मॅडिसन यांना मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त करण्याविषयी कळकळीने लिहिले; मॅडिसन यांनी तसे केले नाही. कोल्स यांचा मुलगा रॉबर्ट्स व्हर्जिनियात स्थायिक झाला आणि फेब्रुवारी 1862 मध्ये रोअनोक बेटावर दक्षिणेच्या बाजूने लढताना मारला गेला. ज्या कायद्यांविरुद्ध कोल्स 1822 मध्ये बोलले, ते इलिनॉयने उलट कडक करत नेले. 1853 मध्ये तर कृष्णवर्णीयांना राज्यात स्थायिक होण्यासच बंदी झाली. अखेर ते कायदे रद्द झाले फेब्रुवारी 1865 मध्ये, आणि त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मान्यता देणारे पहिले राज्य इलिनॉय ठरले. कोल्स तेव्हा 78 वर्षांचे होते. 1868 च्या जुलैमध्ये ते वारले.