भिंतीपलीकडचा शेजारी

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडच्या तालुक्याच्या कोणत्याही गावी जुन्या वस्तीत शिरा. बोळ इतके अरुंद, की समोरून बंडी आली तर ओट्यावर चढावं लागतं. पण कुठूनही शिरलात तरी बाजारात निघता. वेशीबाहेर तोच बोळ पांदण होतो आणि वावरांमधून पुढच्या गावाला जाऊन लागतो.

आता बायपासकडच्या लेआऊटमध्ये या. रस्ता तीस फुटी, सरळ, अन् टोकाला भिंत. भिंतीपलीकडे दुसरं लेआऊट. त्याचाही रस्ता तिथंच येऊन संपलेला. माझ्या मित्राचं घर नेमकं माझ्या पाठीमागे आहे. त्याच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. पण चहाला जायचं तर हायवेवरून वळसा, पाऊण किलोमीटर. मग गाडी काढतोच मी!

हे होतं कसं? वावर विकलं जातं एकेकाचं. चार एकरवाला चार एकरात लेआऊट पाडतो, प्लॉट जास्त निघावेत म्हणून रस्ता धुऱ्याशी आणून सोडतो. शेजारचं वावर पाच वर्षांनी विकतं, त्याचं तोंड भलतीकडेच. मधली पांदण दोन्ही कुंपणांत थोडी थोडी जिरते.

शहरांचा अभ्यास करणारे एका ठिकाणी किती रस्ते मिळतात ते मोजतात. चार मिळाले तर चौक, तीन तर टी-पॉइंट, एकच असेल तर बंद गल्ली. अमेरिकेत शंभर वर्षांचे रस्ते असे मोजले. नव्या वस्त्यांमधली जोडणी विसाव्या शतकात घटत गेली, १९९४ च्या सुमारास तळाला पोचली, मग सुधारू लागली. जगात मात्र एकूण पाहता १९७५ पासून नवे रस्ते अधिकाधिक तुटकच होत आहेत. अन् घर पाडून पुन्हा बांधता येतं; दोन्ही बाजूंनी घरं उभी राहिल्यावर रस्ता कोण हलवणार?

बंद गल्लीत पोरं बिनधास्त खेळतात, हे मान्य. भरधाव गाड्या तिथं येत नाहीत. त्यासाठी भिंतच हवी असं कुठे आहे? पायी माणूस आणि सायकल जाईल एवढी फट ठेवली तरी पुरे.

आमच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यात भगदाड पडलं. आता पोरं तिथूनच शाळेत जातात. बुजवायला अजून कोणी आलेलं नाही, आणि आम्हीही कोणाला आठवण करून दिलेली नाही.