काडीचे चार भाग

नमस्कार श्रोतेहो.

आगपेटीतल्या एका काडीचे ब्लेडने उभे चार भाग करता येतात. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत सुटून आलेल्या एका पक्षकाराने मला ते करून दाखवले. म्हापशात कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर त्याने काडीच्या गुलावर ब्लेड टेकवले आणि हलक्या हाताने खाली ओढले. गुलाचा कणही सांडला नाही. "आत एका काडीवर चार विड्या पेटतात, वकीलसाहेब," तो म्हणाला, "आणि एका विडीवर सहाजणं भागवतात."

कारागृहातल्या धूम्रपानाबद्दल गोव्यात कशाला बोलायचे, असे कुणाला वाटेल. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९९७ सालीच झाला, देशाचा त्यानंतर २००३ मध्ये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात कमी निघाले, ९.७ टक्के. पण सरासरी कधी तुरुंगात जात नाही. जातो तो माणूस, आणि त्याच्या खिशात बंडल असते.

बाहेर शेजारच्याने सिगरेट पेटवली तर आपण उठून दुसरीकडे बसतो. आत संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत कुठे उठून जाणार? आग्वादचे कैदी २०१५ मध्ये कोलवाळला हलवले, तो जुना तुरुंग आता पाहता येतो. तिथल्या जाड दगडी भिंतींआड उभे राहिलात, तर मला काय म्हणायचे आहे ते तुमच्या नाकालाच कळेल. अमेरिकेत नेवाडाच्या तुरुंगातला एक कैदी हीच तक्रार घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा कोठडीसोबती दिवसाला पाच पाकिटे ओढायचा! १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितले की पुढे तब्येत बिघडेल असा धूर माणसावर जाणूनबुजून लादणे ही क्रूर शिक्षा ठरू शकते. आपल्याकडे तर दाटीच्या बराकीत क्षयाची भीती वेगळी, आणि धूम्रपानाने क्षयाचा धोका दुपटीच्या आसपास जातो.

आपल्या देशाच्या २००८ च्या धूम्रपानबंदीच्या नियमांत धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवायची मुभा आहे ती विमानतळांना, तीस खोल्यांच्या हॉटेलांना आणि तीसजण बसतील अशा खानावळींना. त्यात तुरुंग नाही. शिवाय बराक ही कैद्याची राहायची जागा असली तरी हवालदाराची ती नोकरीची जागा, हे आपण विसरतो. ब्रिटनमध्ये मात्र गंमत झाली. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धूम्रपानबंदीचा कायदा राजसत्तेला, म्हणजे सरकारी तुरुंगांना, लागूच होत नाही. तोवर तुरुंग खात्याने आपणहून बंदीला सुरुवात केली होती, तीही टप्प्याटप्प्याने.

बंदी योग्यच, असे माझे मत आहे. माझे भांडण आहे ते बंदीच्या दुसऱ्या दिवशी काय करायचे, यावर. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत २००४ मध्ये धूम्रपान बंद झाले. तोवर सिगरेट हेच आतले चलन होते. ती गेल्यावर देवघेव कशात सुरू झाली असेल? बांगड्यात! कँटीनमध्ये मिळणारी बांगड्याची पाकिटे. हजामत करून घ्या, एक बांगडा द्या. गोंयकाराला हे पटायला वेळ लागणार नाही. पण चलन बदलले म्हणून तलफ जात नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात बंदी लागू व्हायच्या आदल्या दिवशी, ३० जून २०१५ ला, मेलबर्नजवळच्या तुरुंगात मोठी दंगल उसळली.

विडी सुटली की पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. झोप नाही, चिडचिड, मन कशात लागत नाही. अशा अवस्थेतला माणूस दाटीच्या बराकीत ठेवला तर मारामारी व्हायला निमित्त लागत नाही. आणि आपल्या देशात कैद्यांतले चारातले सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. निकोटिनचे च्युइंगगम २०२२ मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. ते आतल्या दवाखान्यात सहज मिळावे, एवढे साधे मागणे आहे. तंबाखू सोडायला राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे, १८००-११-२३५६. श्रोत्यांनी जरूर लिहून घ्यावी. आतल्याने मात्र ती कुठल्या फोनवरून लावायची?

एक प्रसंग सांगतो. सीमेपलीकडच्या एका कारागृहात पेडण्याची एक म्हातारी मुलाच्या मुलाकतीला आली होती. झडतीत हवालदाराने नाचणीची भाकरी मोडली, तर आत केळीच्या पानात गुंडाळलेल्या आठ विड्या. हवालदार ओरडला नाही. त्याने विड्या बाजूला ठेवल्या आणि मोडलेली भाकरी जुळवून परत दिली. ती म्हणाली, "बाबा, तो जेवणाशिवाय राहील रे."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा दिसली. या वेळी विडीऐवजी चघळायला म्हणून घरी वाळवलेली आवळासुपारी आणली होती, लहानशा डब्यात. हवालदाराने डबा उघडून वास घेतला, यादी पाहिली.

"सुपारी चालत नाही, आजी."

"सुपारी नव्हे रे, आवळा तो," ती सांगत राहिली. डबा टेबलावरच होता, मागची रांग पुढे सरकत होती.