बोटाखालचा थेंब

(दृश्य : काळ्या कापडावर ठेवलेलं चिनी मातीचं छोटं पीच फळ.)

आधी नीट पाहा. मुठीत मावेल एवढं फळ. खाली वळलेला देठ, त्याला चिकटलेली दोन-तीन पानं. त्या पानांवरच ते टेकून उभं आहे. आता वरचं भोक पाहा. टाचणीच्या डोक्याहून थोडं मोठं. दुसरं भोक पुढच्या टोकाशी.

ही पाण्याची झारी आहे. कोरियन नाव यॉनजॉक. कोरियातल्या जोसॉन राजवटीतल्या (१३९२ ते १९१०) विद्वानाच्या बैठ्या मेजावर ती कायम हाताशी असायची.

(दृश्य : दगडावर शाईची वडी फिरते आहे.)

तेव्हाची शाई म्हणजे काजळी आणि सरस मळून वाळवलेली वडी. आपण सहाणेवर चंदन उगाळतो, तशी ती दगडावर उगाळायची. पाणी जास्त झालं की अक्षर फिकं, कमी पडलं की कुंचला कागदावर अडखळतो. म्हणून पाणी थेंबाथेंबानेच हवं.

आणि इथे ती दोन भोकं कामाला येतात. झारी पाण्यात बुडवून भरायची, वरच्या भोकावर बोट दाबायचं. आत हवा शिरत नाही, म्हणून झारी कलती केली तरी पाणी थांबून राहतं. बोट किंचित उचललं की एक थेंब. पुन्हा दाबलं की बंद.

कागद, कुंचला, शाई आणि शाईचा दगड यांना विद्वानाच्या खोलीतले चार मित्र म्हणत. झारी त्यात नाही. मला ही यादी अपुरी वाटते, कारण तिच्यावाचून शाई उगाळायला सुरुवातच होत नाही.

(दृश्य : नदीकाठचं गाव, सकाळचं धुकं.)

चिनी मातीच्या अशा वस्तू भाजणाऱ्या दरबाराच्या भट्ट्या होत्या राजधानीजवळ, ग्यॉन्गी प्रांतातल्या ग्वांगजू परिसरात. दक्षिणेतलं ग्वांगजू शहर वेगळं. या भट्ट्यांना अफाट लाकूड लागे. आसपासचं रान संपलं की साधारण दहा वर्षांनी सगळा पसारा नव्या जागी हलायचा. १७५२ साली त्या हान नदीकाठच्या बुनवॉन गावी कायमच्या बसल्या आणि लाकूडच नदीवाटे त्यांच्याकडे येऊ लागलं.

निळा रंग मात्र फार दुरून यायचा. कोबाल्ट चीनमार्गे येई आणि महाग पडे. त्याची चित्रं काढायला दरबारी चित्रकार भट्टीवर पाठवले जात. १५९२ पासूनच्या जपानी स्वाऱ्या, मग उत्तरेकडच्या मांचू लोकांची स्वारी; त्या काळात निळा मिळेनासा झाला, तेव्हा कारागिरांनी लोखंडाच्या तपकिरी रंगात रेघा ओढल्या. तांब्याचा लाल तर सगळ्यात हट्टी. भट्टीत जरा चुकलं की करडा पडतो. पीचवर तो लालसर उमटलेला दिसला, की कारागिराचं कौतुक वाटतं.

(दृश्य : एकामागून एक झाऱ्या.)

मासा. बेडूक. छोटं घर. डोंगररांगा. पीच म्हणजे दीर्घायुष्य. उसळणारा मासा म्हणजे राजपरीक्षेतलं, म्हणजे सरकारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षेतलं यश. आणि ही पाहा, नुसती गोल, पांढरी, एकही रेघ नाही. हिला गुडघा-झारी म्हणतात, कारण दुमडून उभ्या केलेल्या गुडघ्यासारखी दिसते. कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वाढलेला, थाटमाट टाळणारा माणूस हिच्यापाशी रोज बसे. सगळ्यांत मला हीच जवळची वाटते.

(दृश्य : गुडघा-झारी, जवळून. वरच्या भोकावर बोट.)

बोट उचललं जातं. दगडावर थेंब पडतो. वडी फिरू लागते.