दुकान चालते ते खरेदीवर

श्रोतेहो, आपल्यापैकी काहींनी आयुष्यभर नोकरी केली आहे, काहींनी घर सांभाळले आहे, आणि आता राहत्या भागात एखादे छोटे दुकान काढावे असे आपल्या मनात आहे. मीही शाळेतील प्रयोगशाळेची नोकरी सोडून पुण्याजवळ धायरीत किराणा मालाचे दुकान काढले, तेव्हा आमच्या घरात आधी कोणी तागडी हातात धरलेली नव्हती. नवख्या माणसाला धास्ती असते ती विक्रीची, गिऱ्हाईक येईल की नाही याची. माझा अनुभव मात्र असा आहे की दुकान अडचणीत येते ते बहुधा खरेदीमुळे.

आधी एक साधा हिशेब मांडू. गाळ्याचे भाडे बारा हजार, वीज आणि किरकोळ खर्च दोन हजार, आणि शंभर रुपयांच्या विक्रीमागे सरासरी दहा रुपये सुटतात असे धरले, तर नुसता खर्च भागवायला महिन्याला 1,40,000 रुपयांची, म्हणजे रोज साधारण 4,700 रुपयांची विक्री हवी. स्वतःच्या मजुरीचा एक रुपयाही यात धरलेला नाही. याच हिशेबाने नव्वद रुपयांना आणलेला एक पुडा खराब झाला, तर त्याची भरपाई करायला तसेच नऊ पुडे विकावे लागतात.

दुकान उघडण्यापूर्वी मी तीन महिने ओळखीच्या एका दुकानदारांच्या हाताखाली काम केले आणि त्यांच्याबरोबर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात जात राहिलो. तूरडाळ घेताना ते गोणीच्या तोंडाशी दिसणारी डाळ पाहत नसत. हात कोपरापर्यंत आत घालून मूठ भरून घेत, तळहातावर चोळत, फुंकर मारत, आणि हाताला भुकटी राहिली की काही न बोलता मूठ परत गोणीत सोडून पुढच्या गाळ्याकडे वळत. रोखीचा भाव वेगळा आणि आठ दिवसांच्या मुदतीचा वेगळा, हेही मला तिथेच कळले.

एवढे पाहूनही पहिल्या दिवाळीत मी चुकलो. पातळ पोहे स्वस्त मिळाले म्हणून तीन गोण्या उचलल्या. एक गोणी चिवड्यासाठी हातोहात गेली. उरलेल्या दोन तशाच राहिल्या, कारण दिवाळी सरली की घरोघर कांदेपोह्यांसाठी लागतात ते जाडे पोहे. संक्रांतीपर्यंत त्यांना वास येऊ लागला आणि सबंध महिन्याची कमाई त्या दोन गोण्यांत गेली. भाव मी बरोबर पाहिला होता, पण दिवाळीनंतर हे पोहे कोण घेणार, हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

कागदपत्रांची भीती बाळगू नका. गाळ्याचा भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात ती कायद्यानेच सक्तीची आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली, म्हणजे शॉप ॲक्टखाली, मोजकीच माणसे कामाला असलेल्या दुकानाला ऑनलाइन सूचना देणे पुरते. खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी.

उधारीबद्दल एवढेच सांगतो की ती गिऱ्हाइकासमोर वहीत लिहावी आणि रक्कम त्यांना वाचून दाखवावी. त्यात कोणाचा अपमान होत नाही, उलट पुढचे वाद टळतात.

या वहीशेजारी मी आणखी एक वही ठेवतो. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू आपल्याकडे नसली, की ती तारखेसह तिच्यात लिहायची. सुरुवातीच्या एका महिन्यात राजगिऱ्याच्या पिठाचे नाव नऊ वेळा आले, म्हणून मी अर्ध्या किलोचे सहा पुडे आणले आणि ते एकादशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी संपले. पुढच्या वेळी आठच आणले.