सात सेंटीमीटरचा पाईपफिश

तर मंडळी, कोल्हापुरात मासा म्हटलं की प्रश्न एकच, तळायचा का रस्सा करायचा. आजचा मासा दोन्हीच्या कामाचा नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण ब्लूस्ट्राइप पाईपफिश वाढून वाढून ७ सेंटीमीटर, त्यात हाडंच जास्त. नारिंगी अंग, तोंडापासून शेपटीकडं गेलेला निळा पट्टा. समुद्रघोड्याच्या भावकीतलाच, फक्त हा सरळ राहिला.

तांबड्या समुद्रापासून पार अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत सापडतो, पण राहतो कुठं तर प्रवाळाच्या कपारीत, बऱ्याचदा सी अर्चिनच्या, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्री जीवाच्या, आडोशाला, नर-मादी जोडीनं, कधीकधी कपारीच्या छताला लागून चक्क उलटा. अंगावर खवले नाहीत, हाडाच्या कड्या आहेत एकीला एक लागून, त्यामुळं इतर माशांसारखं वळवळायला जमत नाही, मग पाठीवरचा बारका पर थरथरवत हळूहळू सरकतो.

आता तोंड बघा, मला सगळ्यात भारी हेच वाटतं. दात एकही नाही, लांब नळी आणि तिच्या टोकाला इवलंसं तोंड. समोर कोपेपॉड, म्हणजे पाण्यातला कोळंबीच्या गोतावळ्यातला बारीक जीव, आला की हा आधी स्नायूबंधात, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत, ताण साठवून ठेवतो आणि एकदम सोडतो, डोकं झटक्यात वर, नळी फुगते, आणि पिचकारीचा दट्ट्या मागं ओढल्यासारखं पाणी भक्ष्यासकट आत. काही मिलिसेकंदात खेळ खल्लास, नुसत्या डोळ्यांना कळतसुद्धा नाही. आणि जठर नाहीच, साठवणार कुठं, म्हणून दिवसभर चरत राहायचं. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवीपण वेचून खातो, आणि ते मोठे मासे याला गिळत नाहीत, गप उभे राहून साफसफाई करून घेतात.

बाळंतपण नराकडं. मादी त्याच्या पोटाखाली अंडी चिकटवते आणि मोकळी होते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत ओझं यानंच वागवायचं. (पुढच्या रांगेतल्या काकू का हसल्या ते कळलं मला!) समुद्रघोड्याची पिशवी शेपटीखाली असते, याची अंडी पोटाखाली, एवढा फरक. याच कुळातल्या एका पाईपफिशचा जपानमध्ये अभ्यास झालाय, तिथं ठरलेली जोडी रोज सकाळी एकमेकांना भेटते, सोबत पोहते, मग आपापल्या कामाला. आपल्याकडं किती घरात होतं हे, हात वर करू नका.

मगाशी त्या पोरानं विचारलं, घरच्या टँकमध्ये ठेवला तर चालतोय का? आपल्या समुद्रातला पकडून अजिबात नाही बाळा, पाईपफिश आणि समुद्रघोडे अख्ख्या कुळासकट २००१ मध्येच वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला बसवले गेले. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दिवसभर जिवंत बारीक किडे पुरवणार कोण, दुकानातल्या सुक्या गोळ्यांवर हा जगत नाही.